दिवसातून दोनदा

मी इन्कम टॅक्सवाल्यांशी आजवर खोटं बोललेलो नाही (पगारदार माणसाला तशी संधीच कुठे असते म्हणा), पण दातांच्या दवाखान्यात शिरलो की पहिल्या पाच मिनिटांत एक थाप ठरलेली. "ब्रश किती वेळा करता?" "दोनदा." शाळेत हजेरी घेताना तोंडातून आपोआप "हजर" निघायचं तसं हे निघतं, त्यात माझी काही चूक आहे असं मला वाटत नाही. लोकांना वाटतं आपण ही थाप डॉक्टरला मारतो. तसं काही नसतं हो. डॉक्टर येते शेवटी, तोवर बाहेर बसलेल्या मंडळींनी तुमच्याकडून सगळं वदवून घेतलेलं असतं, आणि खरी परीक्षा तीच. डॉक्टरांच्या ड्रिलवर विनोद करणारे खूप आहेत, स्टाफवर कोणी बोलत नाही, म्हणून म्हटलं आपण बोलावं.

आमचं क्लिनिक डोंबिवली पूर्वेला, पहिल्या मजल्यावर. बरोब्बर खाली फरसाण आणि मिठाईचं दुकान, म्हणजे खाली दात खराब करा, जिना चढा, वर दुरुस्त करून घ्या. आतून दोघांचं काही सेटिंग असावं असा मला संशय आहे. शनिवारी साडेअकराची अपॉइंटमेंट होती, नुसतं क्लीनिंग, बाकी काही नाही. तर सकाळी मी सात मिनिटं ब्रश केला, घड्याळ लावून. मग कधीतरी सेलमध्ये आणलेला फ्लॉसचा दोरा कपाटातून शोधून काढला, त्याने हिरड्या सोलून घेतल्या, थोडं रक्त आलं, ते चूळ भरून लपवलं. घरात कांदेपोहे झाले होते, वर ओलं खोबरं, भरपूर कोथिंबीर. आता कोथिंबीर ही दातांच्या बाबतीत किती हलकट गोष्ट आहे हे काय सांगायला पाहिजे? मी बशीला हात लावला नाही. बायको म्हणाली, "दात दाखवायला चाललायस की मुलगी बघायला?" मी उत्तर दिलं नाही. उपाशीपोटी, चकचकीत दात घेऊन निघालो.

जिना चढून दार ढकललं तर पहिल्या भेटल्या मावशी. त्या लादी पुसत होत्या, वर न बघताच म्हणाल्या, "दादा, चप्पल इकडं नाय, तिकडं रॅकात." दातांच्या दवाखान्यात मावशींशी वैर घेऊ नये. डॉक्टर बदलतात, असिस्टंट मुली लग्न होऊन जातात, मावशी तिथेच असतात आणि कोण पेशंट खुर्चीवरून उठून पळाला होता हे त्यांना पाठ असतं.

मग रिसेप्शन. काउंटरवर प्लास्टरची भलीमोठी कवळी आणि तिच्याशेजारी हातभर लांब ब्रश, तो ब्रश घेऊन एक चारेक वर्षांचा पोरगा ती कवळी बडवत होता आणि त्याची आई "असं नाही बाळा, गोल गोल" म्हणत होती. रिसेप्शनच्या मुलीने मला "या काका" म्हटलं. मी सेहेचाळीसचा आहे, केस थोडे गेलेत हे मान्य, पण काका? सोडून दिलं. तिने फॉर्म काढला आणि प्रश्न सुरू झाले. शुगर आहे का, बीपी आहे का, कसली अ‍ॅलर्जी, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. आधी मला वाटायचं ह्या उगाच चौकश्या, दाताचा आणि रक्तदाबाचा काय संबंध. संबंध असतो. दाताच्या इंजेक्शनात बहुतेक वेळा भुलीच्या औषधासोबत थोडं अ‍ॅड्रिनलिन असतं, भूल जास्त वेळ टिकावी म्हणून, आणि त्याने कधीकधी छाती धडधडते, आणि रक्त पातळ असेल तर दात काढल्यावर ते लवकर थांबत नाही. हे सगळं मला त्या मुलीनेच एकदा समजावलं होतं, कारण मी गोळीचं नाव न सांगता "ती छोटी पांढरी" एवढंच सांगत होतो.

"ब्रश किती वेळा करता काका?"

"दोनदा."

तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, दोन सेकंद. आणि लिहिलं काहीतरी. आपण बोललेल्या एका शब्दाला लिहायला इतका वेळ का लागावा असं वाटून गेलं.

"नाश्ता करून आलात ना?"

"नाही," मी छाती पुढे काढून सांगितलं. मला वाटलं मार्क मिळतील. कसले मार्क! "अहो काका, उपाशी कशाला आलात? इंजेक्शन द्यायला लागलं आणि चक्कर आली म्हणजे? जा, खाली जाऊन काहीतरी खाऊन या, अजून एक पेशंट आहे तुमच्या आधी."

खाली म्हणजे कुठे, तर फरसाणच्या दुकानात. ब्रेड नाही, केळं नाही, साधं बिस्कीट नाही. काचेमागे गरम जिलबी आणि फाफडा, बास. सात मिनिटं घासलेल्या दातांनी मी उभ्या उभ्या एक प्लेट फाफडा-जिलबी खाल्ली, आणि खरं सांगतो, इतक्या दुःखाने जिलबी मी कधी खाल्ली नव्हती. बेसन दातात बसतं म्हणजे कसं बसतं, भाड्याने घर घेतल्यासारखं बसतं. पाण्याने खळखळून चुळा भरल्या, जीभ फिरवली, बोटाने घासलं, वर आलो. मावशींनी यावेळी मात्र वर बघितलं. "दादा, मिशीला चटणी लागलीय. बेसिन तिकडं." पहिली विकेट मावशींनी घेतली.

आत खुर्चीवर ताबा असतो असिस्टंटचा. ह्या मुलीला नाव असणार, पण डॉक्टर तिला नुसतं "अगं" म्हणते आणि ती मला "काका" म्हणते, त्यामुळे आमची ओळख एवढ्यावरच आहे. तिने माझ्या गळ्यात ती साखळीवाली बिब अडकवली (त्या क्षणी माणूस सेहेचाळीसचा राहत नाही, दीड वर्षाचा होतो), खुर्ची मागे घातली, डोळ्यांवर गॉगल चढवला, आणि माझ्यासमोर अवजारांचं सीलबंद पाकीट फाडलं. ते समोर फाडतात ते मुद्दाम. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच, १२१ डिग्रीला वाफेत अवजारं शिजवतात, आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला की आतलं सामान निर्जंतुक करण्याच्या त्या वाफेतून गेलंय हे कळतं. कुठल्याही क्लिनिकमध्ये गेलात तर हे पाकीट तुमच्यासमोर उघडतायत का ते बघा, नसतील तर बिनधास्त विचारा, चांगल्या ठिकाणी स्टाफला राग येत नाही, उलट आमच्या ह्या मुलीने मला अभिमानाने खुणेचा बदललेला रंग दाखवला. मी मान डोलावली. मला तेव्हा फक्त खालच्या डाव्या दाढेतल्या फाफड्याची काळजी होती.

डॉक्टर आली. तरुण, हसरी, मास्क, हातात छोटा आरसा. "आ करा. अजून मोठा." मग आरसा फिरवत ती बोलत सुटली आणि अगं लिहीत सुटली. "सिक्स्टीन ठीक. ट्वेंटी सिक्स जुनं फिलिंग. थर्टी सिक्स कॅरीज. थर्टी एट..." मी आ केलेल्या तोंडाने हिशोब करतोय, अरे माणसाला दात बत्तीस, ही अडतीसपर्यंत कशी गेली? पुढे फोर्टी सिक्स आला तेव्हा तर माझी खात्रीच पटली की ही दुसऱ्याची फाइल वाचतेय. नंतर अगंने सांगितलं, तोंडाचे चार भाग करतात, पहिला आकडा भागाचा आणि दुसरा मधल्या दातापासून मोजलेला नंबर. म्हणजे थर्टी सिक्स म्हणजे छत्तीसावा नाही, तिसऱ्या भागातला सहावा, खाली डावीकडची पहिली मोठी दाढ. आणि मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी छत्तीस नंबरच्या दाढेसमोर नापास.

"फाफडा?" डॉक्टरने विचारलं. दुसरी विकेट.

क्लीनिंगबद्दल आमच्या सोसायटीत एक ठाम मत आहे की एकदा दात साफ केले की ते हलायला लागतात, म्हणून पन्नाशीपर्यंत हात लावू नये. मी हे अगंला सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला, तोंडात तिची सक्शनची नळी होती तरी तिला बरोबर कळलं, ह्या मुलींना ही भाषा येते. ती म्हणाली, "काका, दात हलत नाहीत, फटीत कीटण भरलेलं असतं ते निघतं म्हणून मोकळं मोकळं लागतं. आणि काही लोकांचा दात आधीच हललेला असतो, कीटणानेच धरून ठेवलेला असतो, मग ते निघालं की नाव आमच्यावर." कीटण हा शब्द मी ह्याआधी फक्त तव्याच्या आणि कढईच्या बाबतीत ऐकला होता.

मशीन चालू झालं. त्याचं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं म्हणतात, तापू नये म्हणून त्यातून सतत पाणी येतं, आणि ते सगळं पाणी तुमच्या घशाच्या दिशेने निघतं. तुम्ही बुडणार की नाही हे डॉक्टरच्या हातात नसतं, अगंच्या हातात असतं. ती नळी घेऊन उभी, एका डोळ्याने मशीनकडे, एका डोळ्याने माझ्या कपाळाकडे. सुरुवातीला सांगितलं होतं, "दुखलं तर डावा हात वर करा." उजवीकडे डॉक्टर बसलेली असते, तिला धक्का नको म्हणून डावा. आता माझ्या नाकाला खाज सुटली. मी हात वर केला, मशीन बंद, दोघी थांबल्या, "दुखतंय?" मी नाक खाजवलं. पुन्हा सुरू. पाच मिनिटांनी खरंच झिणझिणलं, हात वर केला, तर डॉक्टर काही म्हणायच्या आत अगं म्हणते, "नाक असेल मॅडम." ह्याला म्हणतात गेलेली पत. मध्येच नळीने माझा गाल आत ओढून धरला, फुर्रर्र असा आवाज झाला, बाहेर तो पोरगा खदखदून हसला.

छत्तीसचं काम लगेच उरकू म्हणाली डॉक्टर, छोटीच कीड आहे. इंजेक्शन दिलं, छाती थोडी धडधडली, डावा ओठ उशीएवढा झाला. पुढचं फार लांबवत नाही, कोरलं, मसाला भरला, निळा लाइट मारला, अगंने मध्ये केशरी काच धरली होती, डोळ्यांना लागू नये म्हणून. खरा त्रास त्यानंतर. निळा कागद दातांत ठेवून म्हणतात चावा, आता घासा, उंच लागतंय का? अहो मला स्वतःची जीभ कुठे आहे ते लागत नाहीये, उंच काय सांगू! मी म्हटलं "नाव्ही." अगंने माझ्याकडे न बघताच कागदावरचा आणि दाढेवरचा निळा डाग दाखवला आणि म्हणाली, "मॅडम, उंच आहे अजून." माझ्या तोंडाबद्दल माझं मत विचारात घ्यायचं नाही असं एकूण तिथे ठरलेलं असावं.

बाहेर आलो. रिसेप्शनच्या मुलीचा सूर बदलला होता. "या सर, बसा." आत जाताना काका, बिलाच्या वेळी सर. क्लीनिंग आणि फिलिंग मिळून तिने आकडा सांगितला, मी स्कॅन केलं, पैसे आल्याची घोषणा त्या डब्याने सगळ्या वेटिंग रूमला करून दिली. "सर, भूल उतरेपर्यंत म्हणजे दोन-तीन तास काही खाऊ नका, गाल चावला जातो. भूल असताना गरम चहा पण नको. पुढची भेट सहा महिन्यांनी, मी मेसेज टाकते. आणि रात्रीचा ब्रश चालू करा."

"वात्वीचा क्लतो मी," मी म्हणालो. म्हणजे रात्रीचा करतो मी.

तिने फाइल माझ्याकडे वळवली. ब्रशच्या रकान्यात पेनाने लिहिलं होतं "२", आणि त्यापुढे कंसात पेन्सिलने "मिसेस म्हणतात १, तोही घाईत." मागच्या मंगळवारी बायको तिची दाढ दाखवायला आली होती हे मी साफ विसरलो होतो. म्हणजे त्या दोन सेकंदांच्या नजरेचा अर्थ असा होता तर. मावशी पोछा हातात धरून थांबल्या होत्या, कवळीवाला पोरगा ब्रश खाली घालून माझ्याकडे बघत होता.

"मव," मी सुन्न ओठ हाताने धरून शक्य तेवढ्या स्पष्टपणे विचारलं, "माहीत होतं तव विचावलं कशाला?"

"विचारावं लागतं ना सर," ती म्हणाली, "फॉर्ममध्ये रकाना आहे."