आत्तीचा स्लॅब सरकारजमा, म्हणे!

रविवारी सकाळी उचगावच्या आत्तीचा फोन. “ते सोलरचं रद्द कर बाबा. स्लॅब पंचवीस वर्सं सरकारच्या नावावर जातोय म्हणं.” मी इकडे तिचं लाईट बिल आणि घरफाळ्याची पावती घेऊन छतावर सोलर बसवायला सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या सूर्यघर योजनेचा अर्ज भरत बसलेलो.

तिच्या भिशीच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज फिरतोय. सबसिडी घेतली की छत सरकारजमा आणि कर्ज काढलं की घर गहाण. सबसिडी एजंटच खातो. लाईट गेली की सोलरही बंद. पावसाळ्यात पॅनेल म्हणजे नुसते शोभेचे पत्रे. खाली हात जोडून ‘जनहितार्थ’.

छताचं आधी बघू, कारण आत्ती घाबरली ती त्यालाच. केंद्रीय मंत्रिमंडळानं २९ फेब्रुवारी २०२४ ला ही योजना मंजूर केली. १ कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. त्या दिवशीचं सरकारी पत्रक कुणीही उघडून वाचावं. सबसिडी १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ किंवा त्याहून जास्तीला ७८,०००. ३ किलोवॅटपर्यंतच्या कर्जाबद्दल तर त्यात स्पष्ट लिहिलंय: विनातारण, व्याज तेव्हाच्या हिशेबानं साधारण ७ टक्के. छत कुणाच्या नावावर करायचं, असं एक अक्षर नाही.

मग ही आवई उठली कुठून? माझा संशय ‘नजरगहाण’ या शब्दावर आहे. म्हणजे वस्तू आपल्याकडंच, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क. कर्जाच्या कागदावर तो शब्द असतो, हे खरं. पण नजरगहाण असतात ते पॅनेल आणि इन्व्हर्टर, म्हणजे कर्जातून घेतलेली वस्तू. आत्तीच्या पोरानं हप्त्यावर मोटरसायकल घेतली तेव्हा आरसी बुकावर बँकेचं नाव होतंच की. तेव्हा कुणी म्हणालं नाही की दारातली गाडी बँकेची झाली, आता अंगणही जाणार! कुणीतरी ‘गहाण’ एवढंच वाचलं आणि थेट सातबाऱ्यावर पोचला.

एजंटचं म्हणाल तर सबसिडी पॅनेल बसून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून, तपासणी झाल्यावर ग्राहकाच्याच बँक खात्यात येते. आमच्या गल्लीत एकानं आगाऊ पैसे घेऊन फोन उचलणं बंद केलं, तेही खरंय. पण तो योजनेच्या पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीत आहे का, हे कुणी बघितलंच नव्हतं.

लाईट गेली की सोलर बंद, हे मात्र बरोबर आहे, मान्य करतो. नुसतं नेट मीटरवालं सोलर असेल तर बंदच पडतं. पडायलाच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरची वीज बसायची. बॅटरी हवी तर वेगळा खर्च, त्याला सबसिडी नाही. हे विकणारे आधी सांगत नाहीत, त्यांचंही चुकतंच.

पावसाळ्याचं थोडक्यात. जुलैत कोल्हापुरात वीज कमीच तयार होणार. पण नेट मीटरचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. एप्रिल-मे मधली शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, त्यामुळं ‘बिल शून्य’ म्हणणारेही तितकेच थापाडे.

संध्याकाळी आत्तीकडं जाऊन हे सगळं सांगितलं. नजरगहाणाचं तिला पटलं. मग मला जिन्यानं वर घेऊन गेली. स्लॅबवर जुन्या लुगड्यावर चटणीसाठी संकेश्वरी मिरची पसरलेली, शेजारी सांडगे. ३ किलोवॅटला तीनशे चौरस फूट तरी जागा लागते, तीही बिनसावलीची. तिनं पदरानं नाक झाकत विचारलं, “मग ही कुठं घालू?”

याचं उत्तर पत्रकात नव्हतं. सध्या आम्ही २ किलोवॅटवर आलोय.