उसण

पाठीचा मधला भाग देवाने बहुधा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी उरकला असावा. खांद्यावरून हात टाकला तर बोटं तिथवर पोचत नाहीत, खालून वर नेला तर चार बोटं कमी पडतात. माझी उसण भरली ती नेमकी तिथे, दोन खवाट्यांच्या मधोमध. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून चार तास बसलो होतो. एक शिंक आली आणि चमक निघाली, बस्स.

बाम लावायला बायकोला बसवलं.

"जरा वर. आता डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे!"

"अहो, मी तुमच्या मागे बसलेय. तुमचं नि माझं डावं एकच आहे."

तिसऱ्या दिवशी तिने उलथन्याला बाम फासून ते माझ्या हातात दिलं आणि ती ऑफिसला निघून गेली. त्या आठवड्यात आमच्या थालीपिठांना निलगिरीचा वास होता.

आईचा फोनवरून सल्ला आला, "दुसरा कुणी पायाळू बघ. पाठीला तीनदा लाथ लावली की उसण उतरते." जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आलेला माणूस डोंबिवलीत शोधायचा कुठे? सोसायटीच्या ग्रुपवर विचारायचं? या विचारात त्या 'दुसरा' शब्दाकडे माझं लक्षच गेलं नाही.

तेवढ्यात भाच्याने कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हाताने मणके दाबून उपचार करणाऱ्यांचे, व्हिडिओ पाठवले. या विद्येचा उगमही झकास आहे. 1895 साली अमेरिकेत, आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी, डॅनियल डेव्हिड पामर या चुंबकीय उपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्या माणसाला ऐकू यायला लागलं, असं सांगतात. हे वाचून दाखवल्यावर बायको म्हणाली, "मग जाच तुम्ही. पाठीचं नंतर बघू."

कायरोप्रॅक्टर भाच्याच्याच वयाचा निघाला. पण पोरगा नीट होता. कुठे पडलात का, हाडं ठिसूळ आहेत का, हातापायांना मुंग्या येतात का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "मानेत 7 मणके, कमरेत 5, मधे 12. हे 12 बरगड्यांना जोडलेले, म्हणून फार हलत नाहीत." थोडक्यात, एकत्र कुटुंब. एकाने कूस बदलायची तर सगळ्यांना उठवावं लागतं.

पालथा पडून टेबलाच्या भोकात तोंड घातलं. तिथून फक्त त्याचे बूट दिसत होते. डाव्या बुटाची लेस सुटलेली. जो माणूस आपलं सगळं वजन माझ्या पाठीवर टाकणार, त्याची लेस सुटलीय हे सांगावं की नाही, असा विचार चालू असतानाच तो म्हणाला, "श्वास घ्या. आता सोडा."

कडाड्! उडदाचा पापड मुठीत चुरगळावा तसा आवाज. पाय हलवून पाहिले. हलले.

"हाडं नाहीत मोडली," तो हसला. "सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. बोटं मोडतो ना आपण, तसाच."

त्याचे 1500 रुपये झाले. गॅससाठी एकरकमी एवढे पैसे मी सिलिंडरवाल्यालाही कधी दिले नव्हते. "मानेचंही करूया?" या प्रश्नाला मी नम्र नकार दिला. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतूनच जातात, तिथे आपण सहसा मफलरसुद्धा सैल बांधतो. निघताना तो म्हणाला, "खुर्ची बदला, दर अर्ध्या तासाने उठा." हे फुकट सांगितल्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही.

दोन दिवस देवळातल्या दीपमाळेसारखा ताठ चाललो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच टेबल, तोच लॅपटॉप, तीच चमक.

"पायाळू मिळाला का?" आईने विचारलं.

"नाही ना."

"तूच आहेस की! पण तुझा तुला काय उपयोग?"

शेहेचाळीस वर्षं ही बातमी माझ्यापासून दडवली होती. आणि जिथे हात पोचत नाही तिथे पाय काय पोचणार!

मला उपयोग नसला तरी बायकोने बातमी जिन्यात पोचवली. रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका कंबरेवर हात ठेवून, वाकून दारात उभे.

"सूनबाईंकडून कळलं," एवढंच बोलून त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो आणि उजवा पाय उचलला. "काका, श्वास घ्या. आता सोडा."

कट्!

"अरे वा!" काका खूश झाले.

माझा पाय अजून हवेतच होता. आवाज माझ्या पाठीतून आला होता.