रोपं लवकर टाकली की फळंही लवकर येतात का? एका प्रतिक्रियेला उत्तर

वसंतातल्या बागेसाठी घरात रोपं कधी टाकावीत, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सविस्तर आहे आणि चांगलीच तिखटही आहे. दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर ते टाळल्यासारखं झालं असतं, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमचे आक्षेप तीन. एक, ‘लावणीच्या सहा ते आठ आठवडे आधीच टोमॅटोचं बी टाका’ असं सांगून मी लोकांना उगाच थांबवून ठेवते. तुम्ही तीन महिने आधी टाकता, कारण रोप जितकं मोठं तितकं फळ लवकर. दोन, दिवे ही हौशी लोकांची चैन आहे, खिडकीतलं ऊन पुरतं. तीन, ‘बी त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीइतकं खोल पेरा’ असं म्हणून पुढच्याच परिच्छेदात मी पेटुनिया या फुलझाडाचं बी उघडं ठेवायला सांगते, म्हणजे मला स्वतःलाच काय म्हणायचंय ते ठाऊक नाही.

तिसऱ्यापासून सुरुवात करते. पेटुनियाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया भरतात, टोमॅटोच्या तीनशेच्या आसपास. धुळीएवढ्या त्या बीला जाडीच्या दुपटीचा नियम लावला तरी वर येणारा मातीचा थर एखाद्या मिलिमीटरचा होतो. तेवढा थर हाताने नेमका देणं जमत नाही. देऊ गेलं की अर्धा सेंटिमीटर पडतो आणि बीमधला अन्नाचा तुटपुंजा साठा अंकुर वर पोचण्याआधीच संपतो. म्हणून बी ट्रेमधल्या ओल्या मिश्रणावर (कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गांडूळखत वगैरे) भुरभुरवायचं, हलकेच दाबायचं आणि वर पारदर्शक झाकण ठेवायचं. यात कुठलाही नियम मोडत नाही.

दुसरं कारण उजेडाचं. पेटुनिया, अँटिऱ्हिनम ही फुलझाडं आणि लेट्यूस ही पालेभाजी यांच्या बियांना उगवायला उजेडाची मदत लागते. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिजलेल्या लेट्यूसच्या बियांवर हे दाखवून दिलं. लाल प्रकाश दिला की बिया उगवायच्या. त्यानंतर लगेच लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश दिला की थांबायच्या. पुन्हा लाल दिला की पुन्हा तयार! असं आलटून पालटून कितीही वेळा केलं तरी शेवटी जो प्रकाश मिळाला त्याप्रमाणेच बी वागायचं. हे घडवणाऱ्या रंगद्रव्याला पुढे फायटोक्रोम म्हणू लागले. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि पलीकडचा बराचसा तसाच जाऊ देतं. त्यामुळे दाट पानांखाली पडलेल्या बारीक बीला वर गर्दी आहे हे कळतं आणि ते वाट पाहतं. उलट पॅन्सी आणि फ्लॉक्स या फुलझाडांच्या बिया झाकलेल्याच बऱ्या. तेव्हा ‘सगळी बियाणी एकाच खोलीवर’ असा नियम करून चालणार नाही, हे मात्र मी लेखात आणखी ठळक लिहायला हवं, ही तुमची सूचना मान्य.

इथेच तुमच्या खिडकीचा प्रश्नही येतो, कारण उगवून आल्यावर रोपाची उंची ठरवण्यातही फायटोक्रोमचा हात असतो. ट्रेमध्ये रोपं दाटीने उभी असली की प्रत्येक रोपाला शेजाऱ्याच्या पानांवरून आलेला प्रकाश मिळतो. त्यावरून सावलीत सापडणार असं रोप धरून चालतं आणि पानं, मुळं सोडून खोड लांबवत सुटतं. त्यात उजेड कमी आणि खोली उबदार असेल तर विचारायलाच नको. आपल्या डोळ्यांवर विसंबू नका. भर उन्हात लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, घराच्या आत काही शे, आणि डोळा दोन्हीकडे आरामात जुळवून घेतो. म्हणून खिडकीपासून दोन हात आतली जागाही आपल्याला ‘छान उजेडाची’ वाटते. रोपाला ती तशी नसते. दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन येणारी खिडकी असेल, ट्रे काचेला लागून असेल आणि तुम्ही तो रोज फिरवत असाल तर दिव्याची गरज नाही, हे मी आनंदाने मान्य करते. तशी खिडकी नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगून १४ ते १६ तास चालू ठेवली तरी भागतं. ‘ग्रो लाइट’ म्हणून मिळणारे जांभळे दिवे लागतातच असं नाही. त्या जांभळ्या उजेडात पानांचा खरा रंगही कळत नाही, मला तरी ते आवडत नाहीत.

आता तुमचा मुख्य मुद्दा. लवकर टाकलेलं बी लवकर उगवतं, हे तरी खरं आहे का? टोमॅटोचं बी २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या मातीत साधारण सहा दिवसांत वर येतं, २० अंशांना आठ, १५ अंशांना दोन आठवडे आणि १० अंशांना सहा आठवडे घेतं. ढोबळी मिरची ३० अंशांना आठवड्याभरात, १५ अंशांना पंचवीस दिवसांत. हे तापमान मातीचं, खोलीचं नव्हे. ओल्या मिश्रणातून पाणी उडून जातं तसं ते खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंडच राहतं. ऐन थंडीत टाकलेलं बी या हिशेबात मिळालेल्या आघाडीतले बरेच दिवस तिथेच घालवतं. शिवाय थंड, ओल्या मातीत पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशींचं फावतं आणि कोवळी रोपं जमिनीलगत कुजून कोलमडतात.

समजा, खोली उबदार आहे आणि रोपं झटकन वर आली. पुढे काय? ट्रेच्या कप्प्यात मूठभरही मिश्रण नसतं. सहा-सात आठवड्यांत टोमॅटोची मुळं ते भरून टाकतात आणि गोल गोल फिरू लागतात. वाढ थबकते, खालची पानं पिवळी पडतात, आणि एवढ्याशा झाडाला फूल येतं. तुम्ही ज्याला लवकर आलेलं फळ म्हणता ते बहुधा हेच. पहिलं फळ खरंच आधी मिळतं, नाही म्हणत नाही. पण असं झाड जमिनीत गेल्यावर मुळं नव्याने पसरवायला वेळ घेतं, आणि तेवढ्यात सहा आठवड्यांचं, वाढ न थांबलेलं रोप त्याला गाठतं, बरेचदा मागेही टाकतं. लावणीच्या दिवशी रोपाचं वय किती यापेक्षा त्याची वाढ चालू आहे की नाही, हे मी आधी बघते.

याला एक रास्त अपवाद आहे. तुम्ही दर काही आठवड्यांनी रोप मोठ्या कुंडीत हलवत असाल आणि उजेडही भरपूर असेल, तर तीन महिन्यांचा टोमॅटोही दणकट राहतो. घरातली किती जागा ट्रेंना द्यायची तो तुमचा प्रश्न.

जिथे वसंतापाठोपाठ लगेच कडक उन्हाळा येतो तिथल्या लोकांची घाई मला समजते. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्री बावीस-चोवीसच्या वर गेल्या की टोमॅटोची फुलं फळ न धरता गळतात. पण मग रोप जमिनीत लवकर जायला हवं, नुसतं बी लवकर टाकून काय उपयोग? रात्री दहा-बारा अंशांच्या खाली जायच्या कधी थांबतात ती तारीख धरा आणि मागे मोजत या: टोमॅटो सहा ते आठ आठवडे, मिरची-वांगी आठ ते दहा, कांदा आणि पेटुनिया दहा ते बारा, कोबी चार ते सहा. काकडी-भोपळ्याला तीनच आठवडे, कारण त्यांच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही. गाजर, मुळा थेट वाफ्यात.

खताबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. नुसतं कोकोपीट असेल तर खरी पानं (पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची) फुटल्यावर पातळ द्रवखत हवंच, गांडूळखत मिसळलेलं असेल तर तूर्त नको.

राहिली तुमची सध्याची हातभर लांब रोपं. टोमॅटो टाकून देऊ नका. फुलं खुडा, खालची पानं काढा आणि वरचा शेंडा बाहेर ठेवून खोड आडवं किंवा खोल पुरा. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. वांगी-मिरचीला हा उपाय तितकासा लागू पडत नाही, त्यांना फक्त मोठी कुंडी द्या. बाहेर नेण्याआधी आठ-दहा दिवस सावलीतून उन्हात हळूहळू सरकवा. तोवर रोज शेंड्यांवरून अलगद हात फिरवत जा. स्पर्शाने आणि वाऱ्याने खोड आखूड, जाड होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जाफ यांनी १९७३ मध्ये या परिणामाचा अभ्यास मांडला होता आणि घरी तो फुकटात करून बघता येतो. तुमच्या रोपांत झिनियाची फुलझाडं असतील तर ती मात्र काढून टाका आणि माती तापली की नवीन बी थेट वाफ्यात पेरा. त्या लांबुडक्या रोपांपेक्षा ती आधी फुलली नाहीत तर पुन्हा लिहा, मी उत्तर देईन.