धुतलेलं पाणी वेगळं, साचलेलं वेगळं

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत छातीची पोकळी सलाईनने धुतली आणि त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या की आजार चौथ्या टप्प्यात गेला, असं तुमच्या लेखात लिहिलंय. कृपया हे दुरुस्त करा. फुप्फुसाभोवती आपोआप पाणी साचून त्यात पेशी सापडल्या, तर तो चौथा टप्पा. धुतलेल्या पाण्यातल्या पेशींमुळे टप्पा तसा बदलत नाही. आजार उलटण्याची भीती मात्र वाढते, हे खरं.

फरक मला घरात कळला. आमचे काका डिचोलीचे. ऐन चवथीच्या आधी ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये धुतलेल्या पाण्यात पेशी दिसल्याची एक ओळ होती आणि ती समजावून सांगायला कोणी थांबलं नाही. काकींनी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधली खरी, पण आठ दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कागद काढून समजावलं: फुप्फुसाला हात लावण्याआधी पाणी घेतलं होतं की गाठ काढल्यावर, हे आधी विचारा. आधीच्या पाण्यात पेशी असतील तर त्या ऑपरेशनच्या हाताळणीने सांडलेल्या नसतात. शिवाय फुप्फुसावरच्या आवरणाच्या साध्या पेशीही सुजल्या की फसवतात, म्हणून शंका असल्यास खास रंग देऊन पुन्हा तपासतात.

२०१०च्या एका आंतरराष्ट्रीय संकलनात ८,७६३ रुग्णांपैकी ५११ जणांच्या धुतलेल्या पाण्यात अशा पेशी होत्या. म्हणजे शंभरात सहाच्या आसपास.

काकांची केमो संपली. परवा ते बागायतीत पोफळींना पाणी सोडत होते.