आईचा अंगठा लागत नाही

आज चौथ्यांदा आई रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि माझं डोकं फिरलंय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी सहाची शिफ्ट आहे, तरी झोप लागत नाही म्हणून लिहितोय.

आमच्या कार्डावर चार नावं. आई, मी, बायको आणि मोठी पोरगी. माणशी ५ किलो, म्हणजे महिन्याला २० किलो गहू-तांदूळ. ई-केवायसी करा म्हणाले, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकानं मशीनवर अंगठा देऊन आधारशी ओळख पटवायची. तिघांची झाली, आईची काही होईना. अंगठा ठेवला की मशीन नाही म्हणतं. उजवा झाला, डावा झाला, मग एकेक करून सगळी बोटं झाली. दुकानदार म्हणाला, "मावशी, केसांवरनं बोट फिरवा, जरा तेल लागू दे." फिरवलं. पदराला पुसलं. रांगेतली एक बाई म्हणाली लिंबू चोळून बघा, तर पुढच्या खेपेला घरून लिंबू चोळून गेली. तरी नाहीच. तीन महिने झाले, तिच्या नावाचे ५ किलो बंद आहेत. २० चे १५ झाले.

तिच्या बोटांना रेषा राहिल्या नाहीत. सव्वीस वर्षं लोकांची भांडी घासलीत तिनं, रोज चार घरची. आधी राख आणि काथ्या, मग पावडर आणि तारेची घासणी, आता ते हिरवं लिक्विड. परवा ट्यूबलाइटखाली तिचा हात धरून बघितला. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत, आणि मध्येच आडव्या चिरा, त्यात काळं बसलेलं. धुतलं तरी निघत नाही. ज्या कामानं रेषा गेल्या त्याच कामावर आम्ही दोघं भावंडं जगलो, शिकलो. आणि आज तेच हात बघून मशीन सांगतंय की ही बाई ती बाई नाहीच.

मला लगेच कुणीतरी सांगणार, अरे ॲप आहे, चेहरा दाखवून होतं. बघितलं करून. ॲपवर आधी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. आईच्या आधारला बाबांचा जुना नंबर आहे, तो बाबा गेल्यावर बंद पडला. म्हणजे आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. त्यासाठी सकाळी सातला टोकन घ्या, दुपारपर्यंत बसा. आईचा एक दिवस गेला की चार घरचा खाडा. एका घरच्या बाईंनी मागच्या महिन्यात दोन खाड्यांचे पैसे कापले. केंद्रात गेली त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता, उद्या या म्हणाले. ५ किलो धान्यासाठी तिनं किती दिवसांची मजुरी सोडायची, हे मला कुणीतरी समोर बसून सांगा.

आणि सगळ्यात जास्त संताप याचा येतो की हे असं व्हायलाच नको होतं. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य नाकारू नका, असं केंद्र सरकारनं २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना लेखी कळवलेलं आहे. त्याच वर्षी झारखंडमध्ये अकरा वर्षांची एक पोरगी गेली. घरचं कार्ड आधारला जोडलं नाही म्हणून रेशन बंद झालं होतं, आणि ती भात मागत गेली असं तिची आई सांगत होती. त्यानंतरचं ते पत्र. आमच्या दुकानदाराला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मशीनमध्ये नाव येत नाही, मी काय करू?" पुरवठा कार्यालयात सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, दुकानदाराला भेटा.

आता ५ किलो म्हणजे किती ते सांगतो. दिवसाला १६६ ग्रॅम. त्यात दोन्ही वेळचं जेवण. डाळ त्यात नाही, तेल नाही, मीठ-मिरची नाही, गॅस नाही. आणि जेवणारी तोंडं पाच आहेत. धाकटा २०१९ चा, त्याचं नाव अजून कार्डावर चढलेलं नाही. तीनदा अर्ज दिला. दरवेळी एकच उत्तर, इष्टांक शिल्लक नाही, म्हणजे ठरवून दिलेल्या माणसांच्या कोट्यात जागा नाही. राज्यात साधारण ७ कोटी माणसांनाच द्यायचं हा आकडा २०११ च्या जनगणनेवर ठरलेला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे माझं पोरगं जन्माला येऊन शाळेत जायला लागलं तरी धान्याच्या हिशोबात त्याचा जन्मच झालेला नाही.

अन्नसुरक्षा कायदा आला तेव्हा शहरासाठी उत्पन्नाची मर्यादा ठरली वर्षाला ५९ हजार. महिन्याचे पाच हजारसुद्धा होत नाहीत. आमच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं त्याच्या आसपास आहे. पाच हजारात खोली, लाइट, गॅस, शाळा, दवाखाना आणि पोट चालवणारं एक घर मला या शहरात दाखवा. अपात्र कार्ड शोधायची मोहीम निघाली की सगळ्या वस्तीला धाकधूक. खरा दाखला काढला तर कार्ड जाईल, म्हणून माणसं तोंड मिटून बसतात, तक्रारसुद्धा करत नाहीत. मीही इतके दिवस त्याच भीतीनं गप्प होतो.

वर हे ऐकायचं की तुम्हाला तर सगळं फुकट मिळतं. माझ्याच कामावरचा सुपरवायझर परवा डब्याच्या वेळी म्हणाला, फुकट धान्यानं लोक आळशी झाले. माझ्या घशाखाली घास उतरला नाही. अहो, जानेवारी २०२३ च्या आधी हाच गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. फुकट झाला तेव्हा आमच्यासारख्या घराचे महिन्याला पन्नासेक रुपये वाचले. पण त्याच वेळी कोरोनापासून चालू असलेले जादाचे माणशी ५ किलो बंद झाले. १० चे ५ झाले. उरलेलं अर्धं आम्ही किराणा दुकानातून बाजारभावानं आणायला लागलो, हे त्या फुकट म्हणणाऱ्यांतल्या एकालाही माहीत नाही. मामा बीडला असतो, केशरी कार्डावरचा शेतकरी. त्याचं धान्य तर बंदच झालं, बदल्यात २०२३ पासून खात्यावर माणशी महिन्याला दीडशे रुपये, मग पुढच्या वर्षी १७०. तेवढ्यात ५ किलो गहू कुठे येतो? आणि ते पैसे काढायला तालुक्याला जायचं, त्याचं एसटीचं भाडं वेगळं.

आमच्याकडे १५ तारखेनंतर काय होतं ते सांगतो. आधी डाळीत पाणी वाढतं. मग डाळ जाते आणि बेसनाचं पातळ पिठलं येतं, कारण मूठभर बेसनात पाच माणसं जेवतात. तेल किलोनं आणणं आम्हाला कधी जमलंच नाही, वीस रुपयांची पुडी आणतो. हिशोब केला तर तीच महाग पडते. पण एकरकमी पैसे नसले की महागच घ्यावं लागतं. २० तारखेनंतर किराणावाल्याची वही. वहीवर माल घेतला की भाव विचारायची सोय नसते. सकाळी पोरांना चहात बुडवून बिस्किटं. शाळेत खिचडी मिळते म्हणून दुपारची काळजी नसते, पण रविवारी आणि मे महिन्यात पीठ किती लवकर संपतं ते माझ्या बायकोला विचारा. पोरगी शाळेत अंड्याच्या दिवसाची वाट बघायची. त्या अंड्याचे पैसे सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये थांबवले, लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आमच्या शाळेतल्या पोरांचे आईबापच अर्धपोटी, वर्गणी देणार कोण?

आणि आई. आईचे उपवास वाढलेत. आधी फक्त चतुर्थी धरायची. मग सोमवार आला, मग गुरुवार. उपवासाला साबुदाणा नाही, भगर नाही, शेंगदाणे नाहीत. कोरा चहा आणि कामावरच्या एका घरी मिळालं तर केळं. मी बरेच दिवस देवाचं म्हणून काही बोललो नाही. मग लक्षात आलं की हे उपवास महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नसतात. धान्य आलं की सोमवारीही जेवते. डबा तळाला गेला की तिला सोमवार आठवतो. गेल्या मंगळवारी मी मुद्दाम विचारलं, आज कसला उपवास? तर म्हणाली, "पित्त झालंय, नको वाटतं खायला." आणि माझ्या ताटात तिसरी पोळी टाकली.

शेजारपाजारचे तिचं कौतुक करतात. किती काटकसरीनं घर चालवते, कसं भागवते म्हणून. मला ते कौतुक आता सहन होत नाही. ती काटकसर करत नाहीये, ती जेवत नाहीये. बासष्ट वर्षांची बाई सकाळी सहाला चार घरची भांडी घासायला उपाशी जाते, आणि तिच्या वाटणीचं धान्य चार गल्ल्या सोडून असलेल्या दुकानात पोत्यात पडलेलं आहे. मी आज बघितलं ते पोतं. आई त्याच्या शेजारीच बोट पुसत उभी होती.

रेशनबद्दल टीव्हीवर कुणी बोललं की ८० कोटी लोकांचा आकडा येतो. त्या आकड्यात माझी आई धरलेली आहे का? असेल तर तिचं धान्य कुणी खाल्लं ते सांगा. नसेल तर तिला काढायचं कुणी आणि कधी ठरवलं ते लिहून द्या. मी शुक्रवारी सुट्टी टाकून पुन्हा पुरवठा कार्यालयात जाणार आहे, २०१७ चं ते पत्र छापून घेऊन. या वेळी आईला नेणार नाही, तिचा खाडा होऊ देणार नाही. तीन महिन्यांचे १५ किलो बाकी आहेत तिचे. ते मागायला चाललोय, आणि ते घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.