‘व्हॉट्सॲप आहे, मग वही कशाला?’ फराळवाल्यांमध्ये फिरणाऱ्या सल्ल्याला उत्तर

दिवाळी जवळ आली की घरगुती फराळ विकणाऱ्यांच्या फोनवर एक सल्ला फिरू लागतो: गिऱ्हाइकांचा ग्रुप काढा, ऑर्डरी तिथेच घ्या, पैशांचा स्क्रीनशॉट आला की माल द्या; वही नको, परवानाही नको. ऐकायला सोपं, निस्तरायला अवघड.

‘सगळ्यांना ग्रुपमध्ये घ्या.’ ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, म्हणजे गिऱ्हाइकांची यादी तुम्ही पलीकडच्या गल्लीतल्या फराळवाल्याला आयती देता. शिवाय दरांच्या मेसेजखाली ‘मलापण’, ‘मलापण’ची रांग लागते, चकली की चिवडा, कोण शोधणार? त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत 256 नंबर बसतात आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. मात्र ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज जातच नाही. पहिल्याच ऑर्डरीला गिऱ्हाइकाला तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा.

‘कुणी काही भलतं टाकलं तर ॲडमिन आत.’ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की ॲडमिनचा त्यात सहभाग किंवा संगनमत नसेल, तर केवळ ॲडमिन म्हणून तो दुसऱ्याच्या मेसेजसाठी गुन्हेगार ठरत नाही. भीती इथे नाही, पुढे आहे.

‘स्क्रीनशॉट म्हणजे पैसे.’ नाही. हुबेहूब ‘पेमेंट सक्सेसफुल’ दाखवणारी बनावट ॲप आहेत, आणि कालचाच स्क्रीनशॉट तारीख कापून पाठवणारेही आहेत. कधी व्यवहार खरा असतो, पण ‘प्रोसेसिंग’मध्ये अडकलेला. म्हणून स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा बघा आणि 12 आकडी यूटीआरचे (प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटशी जुळवा. नुसत्या एसएमएसवर विसंबू नका, तोही साध्या मोबाइल नंबरवरून तयार करून पाठवता येतो. ‘चुकून जास्त गेले, परत करा’ असं कुणी म्हटलं, तर आधी खातं उघडा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्याकडून जाणार.

‘चॅट हीच वही.’ सगळ्यात महाग पडणारा सल्ला हाच. पाठवलेला मेसेज 15 मिनिटांत बदलता येतो, साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीटही करता येतो. गिऱ्हाइकाने आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू केले असतील, तर अर्धा किलो की एक किलो हा वाद सोडवायला काहीच उरत नाही. अँड्रॉइडवरचा चॅटचा बॅकअप गूगल खात्याच्या मोफत 15 जीबी जागेतच मोजला जातो. फोटोंनी जागा भरली की तो थांबतो, हे कळतं फोन हरवल्यावर. व्हॉइस मेसेजमधली ऑर्डर तर शोधताही येत नाही. ती ऐकून लगेच लिहून पाठवा: ‘चकली 1 किलो, चिवडा 500 ग्रॅम, शुक्रवारी संध्याकाळी, आगाऊ 300 मिळाले. बरोबर?’ ‘हो’ आलं की वहीत उतरवा: तारीख, नाव, माल, वजन, आगाऊ, बाकी, यूटीआरचे चार आकडे. तळण सुरू करण्यापूर्वी बेरीज या वहीतूनच करा, चॅट वर-खाली करून नाही.

‘घरून विकताय, परवाना कशाला?’ घरून विकलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. नोंदणीचा क्रमांक पाकिटावर छापा आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलमध्येही टाका.