सोलर गिझरवर 78 हजारांची सबसिडी? त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासू

थंडी सुरू झाली की मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: “केंद्र सरकारकडून प्रत्येक घराला सोलर गिझर मोफत. 78,000 रुपये सबसिडी आधी खात्यात जमा. हॉटेल, लॉज, दवाखान्यांनाही लागू. एकदा बसवला की वीस वर्षं बघायला नको. लिंकवर फी भरून नोंदणी करा.”

“सोलर गिझरवर 78,000.” आकडा खरा आहे, वस्तू चुकीची. 78,000 ही फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतली कमाल रक्कम आहे आणि ती वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी मिळते. पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, त्यापुढे काही नाही. गच्चीवर काचेच्या नळ्या लावून पाणी तापवणारं यंत्र या योजनेत बसतच नाही. त्याच्यावर पूर्वी केंद्राची 30 टक्के सबसिडी होती, ती 2014 मध्ये बंद झाली. मुळात 100 लिटरच्या नळ्यांच्या हीटरची अख्खी किंमतही 78,000 च्या जवळपास जात नाही. वस्तूपेक्षा सबसिडी मोठी दिसली की तिथंच शंका यायला हवी होती.

हीटर घेणाऱ्याला खरा फायदा झालाय तो बिलात. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर वॉटर हीटरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. कोटेशनमध्ये अजून 12 टक्के लावले असतील तर दुकानदाराला तिथंच थांबवा.

गरम पाण्यासाठी सूर्यघरचा उपयोग होतो, पण आडवळणानं. 20 अंशांचं 100 लिटर पाणी 60 अंशांवर न्यायला साधारण 4.65 युनिट लागतात. 3 किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला सरासरी 12 युनिट देतात. म्हणजे घरात आहे तोच विजेचा गिझर नेट मीटरवर, म्हणजे पॅनेलची जादा वीज बाहेर गेली की ती बिलातून वळती करणाऱ्या मीटरवर, चालू शकतो.

“पैसे आधी खात्यात.” उलटं आहे. महावितरणच्या ग्राहक क्रमांकानं सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, देशी बनावटीचे पॅनेल, उभारणी, नेट मीटर, तपासणी, आणि मग बँक खात्याचा तपशील भरायचा. सबसिडी त्यानंतर येते. तोवर पूर्ण रक्कम तुम्ही घालायची किंवा कर्ज काढायचं. वीजबिल आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं, असा मामला असेल तर अर्जाआधी बिलावरचं नाव बदलून घ्या.

“हॉटेल, लॉज, दवाखान्यांनाही.” सूर्यघरची सबसिडी फक्त घरगुती जोडणीला आहे. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरालाही मिळते, पण किलोवॅटमागे 18,000. व्यावसायिकांना सवलत आहे ती आयकरात: सौर वॉटर हीटरवर 40 टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट. 4 लाखांची यंत्रणा बसवली तर पहिल्या वर्षी 1.6 लाख उत्पन्नातून वजा होतात. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर कर सुमारे 48,000 नं कमी होतो. हातात रोकड येत नाही. यंत्रणा बसवल्याच्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच धरतात. म्हणजे थंडी बघून नोव्हेंबरात बसवणाऱ्या लॉजमालकाला त्या वर्षी 80,000 चीच वजावट, उरलेलं पुढच्या वर्षांत. आणि अनुमानित नफ्यावर, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरून, विवरणपत्र भरत असाल तर वेगळा घसारा मिळत नाही. ही गोष्ट विक्रेता सांगत नाही, सीएला विचारावी लागते.

“वीस वर्षं बघायला नको.” हे वाक्य लिहिणाऱ्यानं आपल्याकडचं पाणी पाहिलेलं दिसत नाही. बोअरचं पाणी क्षारांचं. सपाट प्लेटच्या हीटरमधल्या बारीक तांब्याच्या नळ्या त्या पांढऱ्या थरानं चोंदतात, म्हणून इथं काचेच्या नळ्यांचा प्रकार बरा. त्यातही थर बसतोच, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी टाकी खालच्या व्हॉल्व्हमधून रिकामी करायची.

त्याहून मोठं दुखणं नळाला चार-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्याचं. वरची टाकी आटते, हीटर कोरडा पडतो आणि भर उन्हात रिकाम्या नळ्या प्रचंड तापतात. दुपारी टँकर येतो, कुणीतरी घाईनं मोटर लावतो, गार पाणी तापलेल्या काचेला लागतं आणि तड असा आवाज. हीटर कोरडा पडला असेल तर पहाटे किंवा अंधार पडल्यावरच भरा, नाहीतर नळ्यांवर आधी दिवसभर गोणपाट टाकून ठेवा. गार पाण्याची टाकी हीटरपेक्षा उंच हवी, आणि हवेचा पाइप त्या टाकीच्याही वर, तोंड उघडं ठेवून. पाणी ठिबकतं म्हणून त्याला बूच मारणारे आहेत. मग टाकी आतल्या आत चेपते.

माळवदावर, म्हणजे जुन्या मातीच्या छतावर, तर विचारपूर्वकच बसवा. 200 लिटरचा हीटर भरल्यावर नुसत्या पाण्याचंच वजन 200 किलो, तेही चार पायांवर. पाय भिंतीच्या ओळीत यायला हवेत.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: शेतघराला उष्णतेसाठी थेट अनुदान गोबरगॅसवर होतं. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या 2025-26 पर्यंतच्या टप्प्यात 2 घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटात 14,350 आणि अनुसूचित जाती-जमातींना 22,000 रुपये होते. चालू वर्षाचा दर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा, आणि खड्डा खणण्याआधी विचारा. रोज 50 किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. उन्हाळ्यात दावण रिकामी होत असेल तर 1 घनमीटरचंच बांधा.

“लिंकवर फी भरा.” पोर्टलवर नोंदणीला फी नाही. लिंकमधून एपीके फाईल (मोबाइलमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी फाईल) उतरली तर उघडू नका, आणि पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर वीजबिलाचा फोटोसुद्धा पाठवू नका.